पोचट बी, भरीव बी आणि मोबाईलवरचे नाणे



रोहिणी नक्षत्र जवळ आले की या सदरात भाताच्या बियाण्याची गोष्ट निघतेच. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बी टाकायचे, ढवळायचे. पोचट बी वर तरंगते, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले भरीव बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ही रीत आता रुळली आहे.

पण या पाण्याला काय कळते आणि काय कळत नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. दाणा पोकळ आहे की भरलेला, एवढेच त्याला कळते. बी कर्जतचे की रत्नागिरीचे, वाण कोणता, पिशवीवरचे लेबल खरे की खोटे, दुकानदार उद्या गावात राहील की पळेल, यातले काहीही त्याला कळत नाही. तळाशी बसलेले प्रत्येक बी चांगलेच, असे म्हणणारा शेतकरी एखाद्या हंगामात हमखास फसतो.

आज हे सांगण्याचे कारण बियाणे नाही. कल्याण तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. समृद्धी महामार्गात त्यांची जमीन गेली आणि मोबदला बँकेत पडून आहे. मुलगा डोंबिवलीत नोकरीला आहे. त्याच्या मित्रमंडळीत एका नव्या मोबाईलवरच्या नाण्याची चर्चा आहे. मुलगा म्हणतो, चार लाख घालू, वर्षात दहा पट होतील. आईने शंका काढली तेव्हा त्याने मोबाईलवर एक तपासणी यंत्र दाखवले. त्यात नाण्याचा पत्ता टाकला की गुण येतात. या नाण्याला शंभरापैकी ब्याण्णव गुण मिळाले. ताई विचारतात, "साहेब, माणूस खोटे बोलेल, पण यंत्र कशाला खोटे बोलेल?"

प्रश्न शंभर नंबरी आहे. महामार्ग, बुलेट ट्रेन, बडोदा द्रुतगती मार्ग यांच्यासाठी ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, अंबरनाथ या भागांत जमिनी गेल्या आणि अनेक घरांत एकदम पैसा आला. जमीन एकदाच जाते आणि तिचा पैसाही एकदाच येतो. म्हणून या वेळी खत-पाणी बाजूला ठेवून या यंत्राची ओळख करून घेऊ.

टोकन म्हणजे काय?

बिटकॉइन हे नाव आता खेड्यातही पोचले आहे. ते जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. जगभरातल्या संगणकांवर एकच जमाखर्चाची वही ठेवायची, प्रत्येकाकडे तिची प्रत असायची आणि कोणा एकाला मागची नोंद खोडता येऊ नये, ही त्यामागची कल्पना. पुढे २०१५ मध्ये इथेरियम नावाची दुसरी वही निघाली. तिच्यात एक सोय झाली. त्या वहीत कोणालाही स्वतःचे नवे नाणे नोंदवता येऊ लागले. अशा नाण्याला टोकन म्हणतात. आता अशा इतरही वह्या आहेत.

आपल्या भाषेत सांगायचे तर तलाठ्याच्या दप्तरात कोणीही यावे आणि स्वतःच्या नावाने नवा गट नंबर उघडून जावे, असा हा प्रकार. ना मोजणी, ना चौकशी, ना पंचनामा. जाणत्या पोराला टोकन काढायला काही मिनिटे आणि थोडासा खर्च पुरतो. त्यामुळे रोज ढिगाने टोकन निघतात.

प्रत्येक टोकनामागे एक करारनामा असतो. तो कागदावर नसून संगणकाच्या भाषेत लिहिलेला असतो आणि आपोआप चालतो. कोण विकत घेऊ शकतो, कोण विकू शकतो, विक्रीवर किती कपात, नवी नाणी कोण पाडू शकतो, हे सारे त्यात असते. करारनामा वाईट हेतूने लिहिलेला असला, तरी तो तसाच निमूटपणे चालतो. सामान्य माणसाला ती भाषा वाचता येत नाही, म्हणून ती वाचून दाखवणारी यंत्रे निघाली. ताईंच्या मुलाने दाखवले ते असेच एक यंत्र.

यंत्र काय तपासते?

ही यंत्रे थोतांड नव्हेत. ती खरोखर उपयोगाची कामे करतात.

१. करारनामा उघड आहे का? मजकूर लपवून ठेवलेला असेल तर यंत्र लाल खूण करते. सात-बारा दाखवायला नकार देणाऱ्याकडून आपण जमीन घेत नाही, तसेच हे.

२. नवी नाणी पाडण्याचा हक्क कोणी राखून ठेवला आहे का? आज दहा लाख नाणी असतील आणि मालकाला मनात येईल तेव्हा आणखी दहा कोटी पाडता येत असतील, तर तुमच्या नाण्याची किंमत मातीमोल व्हायला एक रात्र पुरते.

३. मालकाच्या हाती कोणते अधिकार आहेत? व्यवहार थांबवणे, एखाद्याचे खाते गोठवणे, विक्रीवरची कपात वाढवणे, अख्खा करारनामाच बदलणे. मालकाने हे अधिकार कायमचे सोडले आहेत की नाहीत, तेही यंत्र पाहते.

४. विकता येते का? ही सर्वांत महत्त्वाची तपासणी. यंत्र खोटीखोटी खरेदी करून लगेच विक्री करून पाहते. खरेदी होते आणि विक्री अडते, अशा टोकनाला त्या धंद्यात 'हनीपॉट' म्हणतात, म्हणजे मधाचे मडके. माशी आत जाते, बाहेर येत नाही.

५. देवाणघेवाणीच्या हौदात पैसा किती आहे आणि त्याला कुलूप किती दिवसांचे आहे?

६. नाणी कोणाकोणाकडे आहेत? पहिल्या दहा खात्यांतच बहुतेक माल असेल, तर तो बाजार नव्हे, सापळा समजावा.

मधाच्या मडक्याचे जगभर गाजलेले उदाहरण २०२१ सालचे. 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका तेव्हा फार चालली होती. तिच्या नावाने कोणीतरी एक टोकन काढले. मालिकेच्या निर्मात्यांशी त्याचा संबंध नव्हता. काही दिवसांत त्याचा भाव दोन हजार आठशे डॉलरच्या वर गेला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. पण घेतलेल्यांना ते विकताच येत नव्हते. १ नोव्हेंबर २०२१ रोजी काढणाऱ्यांनी हौद उपसला आणि काही मिनिटांत भाव शून्याजवळ आला. भाव का चढत होता? विकणारा कोणी नव्हता म्हणून. ज्या बाजारात फक्त घेणारे असतात, तिथे भाव वरच जातो.

हे ऐकून आपल्या मंडळींना कडकनाथ कोंबडी आठवेल. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीने शेतकऱ्यांना पिले विकली, वाढवलेल्या कोंबड्या आणि अंडी आम्हीच घेऊ असे सांगितले. २०१९ मध्ये घेणारा हात आखडला, गुन्हे दाखल झाले आणि खुराड्यातली काळी कोंबडी दाणा खात राहिली. त्याआधी इमू पक्ष्याने हेच शिकवले होते. माल घेणारा एकच आणि तोच माल विकणाराही, हे मडके ओळखायला यंत्र लागत नाही.

कुलूप असूनही चोरी: एक हिशोब

आता यंत्राच्या मर्यादा पाहू. त्यासाठी हौद समजायला हवा. हौदाला दोन कप्पे असतात, एकात टोकन, दुसऱ्यात खरा पैसा. तुम्ही पैसा टाकलात की तुम्हाला टोकन मिळते, टोकन टाकलेत की पैसा मिळतो. प्रचलित हौदात नियम असा, की दोन्ही कप्प्यांतल्या आकड्यांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे. किरकोळ दलाली सोडून देऊ आणि पाटी-पेन्सिल घेऊन करून पाहू.

एका इसमाने दहा लाख टोकन काढले. त्यांतले एक लाख हौदात टाकले आणि सोबत एक लाख रुपये टाकले. म्हणजे एका टोकनाचा भाव एक रुपया. उरलेले नऊ लाख टोकन त्याने स्वतःच्या खिशात ठेवले. हौदाला वर्षभराचे कुलूप लावले. यंत्र म्हणते, कुलूप आहे, हिरवी खूण.

आता गावकऱ्यांनी मिळून एक लाख रुपये घातले. पैशाच्या कप्प्यात दोन लाख झाले. गुणाकार कायम ठेवायचा, म्हणून टोकनांच्या कप्प्यात पन्नास हजार उरले आणि पन्नास हजार गावकऱ्यांना मिळाले. भाव झाला चार रुपये. गावकऱ्यांच्या मोबाईलवर दिसते, एक लाखाचे दोन लाख झाले. पेढे वाटले जातात.

त्या रात्री त्या इसमाने खिशातले नऊ लाख टोकन हौदात ओतले. टोकनांचा कप्पा साडेनऊ लाखांवर गेला. गुणाकार तोच ठेवायचा, म्हणून पैशाच्या कप्प्यात फक्त १०,५२६ रुपये उरले. बाकीचे १,८९,४७४ रुपये तो घेऊन गेला. सकाळी गावकऱ्यांनी आपले पन्नास हजार टोकन विकले, तर सर्वांना मिळून ५२६ रुपये मिळतात.

कुलूप कोणी तोडले? कोणीच नाही. ते जागच्या जागी आहे. करारनामा उघड होता, विक्री होत होती, नवी नाणी पाडली गेली नाहीत. लबाडी होती ती नऊ लाखांच्या खिशात. तुम्ही म्हणाल, सहावी तपासणी याच्यासाठीच आहे. खरे आहे. पण त्या इसमाने ते नऊ लाख शंभर वेगवेगळ्या खात्यांत वाटून ठेवले तर? वहीत खात्याचा क्रमांक असतो, माणसाचे नाव नसते. शंभर खाती शंभर माणसांची की एकाच माणसाची, हे ओळखण्याचा प्रयत्न काही यंत्रे करतात, पण खात्रीने सांगता येत नाही. शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा आला तेव्हा किती जमिनी नातलगांच्या, गड्यांच्या नावावर चढल्या, हे जुन्या मंडळींना सांगायला नको.

शिवाय यंत्राचा अहवाल त्या क्षणापुरता असतो. मालकाकडे कपात वाढवण्याचा अधिकार राहिला असेल, तर सकाळी विक्रीवर दोन टक्के कपात असते आणि संध्याकाळी नव्याण्णव. माती परीक्षणाचा अहवाल जसा त्या दिवशी त्या खड्ड्यातून घेतलेल्या मातीचा, तसाच हा.

उलटही होते. डॉलरशी बांधलेली जी मोठी चालू टोकन आहेत, त्यांतल्या काहींच्या करारनाम्यात खाते गोठवण्याचा आणि नवी नाणी पाडण्याचा अधिकार उघडपणे राखलेला आहे. यंत्र त्यालाही इशारा देते. म्हणजे लाल खूण दिसली की ती फसवणूकच, असे नाही. यंत्र अधिकार कोणते आहेत ते दाखवते. अधिकार असणाऱ्याची नियत दाखवत नाही.

आपल्या भागात काय घडले?

आता आपल्या परिसरात आजवर काय काय घडले ते आठवू, आणि प्रत्येक वेळी हे यंत्र कामी आले असते का, ते पाहू.

नवी मुंबई, २०१७. 'वनकॉइन' नावाच्या नाण्याच्या प्रचारसभा भरत होत्या. नवी मुंबई पोलिसांनी एप्रिल २०१७ मध्ये कारवाई करून अनेकांना अटक केली. पुढे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले, की या नाण्याला खरी सार्वजनिक वही कधी नव्हतीच. जगभरातून सुमारे चार अब्ज डॉलर गोळा झाले होते. त्याच्या एका संस्थापकाला सप्टेंबर २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. दुसरी संस्थापक बाई ऑक्टोबर २०१७ पासून गायब आहे. आता यंत्रात काय टाकणार? वहीच नाही, तर पत्ता कुठला? आकडे कंपनीच्या संगणकावर कोणीतरी लिहीत होते, एवढेच.

ठाणे, २०१८. 'मनी ट्रेड कॉइन' हे नाणे काढून लोकांकडून पैसा घेतल्याच्या तक्रारीवरून ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने जून २०१८ मध्ये छापे घातले. फसवणुकीचा आकडा तेव्हा सुमारे पाचशे कोटी रुपये सांगितला गेला. हे घडले ठाण्यात, आपला माणूस रोज लोकलने जातो त्या शहरात. दूरदेशी अमेरिकेतली गोष्ट म्हणून कानाआड करावी अशी ही नव्हे.

पुणे आणि नांदेड, २०१८. 'गेनबिटकॉइन' योजनेत बिटकॉइन द्या, दरमहा दहा टक्के याप्रमाणे अठरा महिने परतावा घ्या, असे आश्वासन होते. म्हणजे दहाचे अठरा. पुण्यात आणि नांदेडमध्ये गुन्हे दाखल झाले, एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधाराला अटक केली. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर झडत्या झाल्या. या प्रकरणात शिकण्यासारखे दोन मुद्दे आहेत. पहिला, लोकांकडून घेतलेले नाणे खरेखुरे बिटकॉइन होते. बिटकॉइन तपासून काही दोष निघाला नसता. खोटी होती ती योजना. दुसरा, परतावा द्यायची वेळ आली तेव्हा बिटकॉइनच्या जागी योजनेवाल्यांनी स्वतःच काढलेले 'एमकॅप' नावाचे टोकन लोकांच्या हातात ठेवले. त्याची किंमत फारच कमी होती. गूळ घेतला आणि परत देताना काकवीचा रिकामा डबा दिला.

कल्याण, २०२५. 'टोरेस' नावाच्या दागिन्यांच्या दुकानांची शाखा कल्याणमध्येही होती. दादर, मीरा रोड, नवी मुंबई इथेही होत्या. चकचकीत दुकान, बनावट हिऱ्यासारखा खडा आणि दर आठवड्याला परतावा. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात परतावा थांबला, दुकाने बंद झाली, दारात गर्दी जमली. भाजीवाले, रिक्षावाले, नोकरदार, घरकाम करणाऱ्या बाया अशा सर्वांचा पैसा त्यात होता. गोळा झालेल्या पैशाचा काही भाग मोबाईलवरच्या नाण्यांत फिरवून बाहेर नेल्याचे तपासात पुढे आले. इथे गिऱ्हाइकाच्या हातात टोकन नव्हतेच. खडा होता, पावती होती, दुकान होते. तपासणी यंत्र कशाला लावणार?

चारही प्रकरणांत यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरले असते. कारण फसवणूक करारनाम्याच्या मजकुरात नव्हती. ती माणसाच्या तोंडच्या आश्वासनात होती. ठरावीक परतावा, तोही बँकेच्या कित्येक पट. आणखी माणसे आणलीत तर वर कमिशन. आज-उद्यात घाई करा, नंतर भाव वाढेल. ही तीन लक्षणे दिसली की गुण ब्याण्णव असोत की शंभर, तिथून उठावे.

यंत्राच्या नावाने होणारी लूट

आणखी एक सावधगिरी. तपासणी यंत्रे लोकप्रिय झाली, तशी खोटी तपासणी यंत्रेही निघाली. खऱ्या यंत्राला फक्त टोकनाचा पत्ता लागतो. जे यंत्र तुमचे नाण्यांचे पाकीट जोडायला सांगते, परवानगीचे बटण दाबायला लावते किंवा पाकिटाचे गुप्त बारा शब्द विचारते, ते चोर आहे. ते बारा शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली. नवऱ्याने बायकोला सांगावे, बायकोने नवऱ्याला सांगावे, तिसऱ्या कोणाला नाही.

मित्राने पाठवलेल्या अहवालाच्या फोटोवर विश्वास ठेवू नये. फोटो बनवता येतो. एकाच नावाची दहा टोकन असू शकतात, त्यामुळे तपासलेला पत्ता आणि विकत घेत असलेला पत्ता अक्षर न् अक्षर एकच आहे का, हे पाहावे. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर आणि पावतीवरचा लॉट नंबर आपण ताडून पाहतो तसे. आणि 'अमुक कंपनीने ऑडिट केले आहे' हे वाक्य ऐकले, तर त्या ऑडिटचे पैसे कोणी दिले, हे आधी विचारावे.

"सरकार कर घेते, म्हणजे मान्यता आहे"

हे वाक्य एजंट हमखास ऐकवतात. वस्तुस्थिती अशी. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर तीस टक्के आयकर लागू झाला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का कर उगमस्थानी कापण्याचा नियम आला. मार्च २०२३ पासून असे व्यवहार करणाऱ्या संस्थांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले, आणि त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. कर घेणे म्हणजे हमी देणे नव्हे. लॉटरीच्या बक्षिसावरही कर असतो, म्हणून तिकीट लागेलच अशी हमी सरकार देत नाही.

बँकेतल्या ठेवीचे तसे नाही. तिला ठेव विम्याचे कवच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ते एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आले. मोबाईलवरच्या नाण्याला असे कवच नाही.

ताईंना उत्तर

ताई, यंत्र खोटे बोलत नाही. त्याला विचारले तेवढेच ते सांगते. आपण विचारतो, "हा करारनामा विक्री अडवतो का?" ते म्हणते, "आज तरी नाही." आपण ऐकतो, "चार लाख सुरक्षित आहेत." हा अर्थ आपण आपल्या मनाने काढलेला असतो.

मुलावर रागावू नका. त्याने निदान तपासणी तरी केली. हजारो लोक तेवढीही करत नाहीत. त्याला जवळ बसवा आणि हे पाच प्रश्न शांतपणे विचारा.

पहिला: पैसा कोणाच्या खात्यात जाणार? एखाद्या इसमाच्या खासगी खात्यात किंवा रोख हातात द्यायचा असेल, तर विषय तिथेच संपवा.

दुसरा: परतावा ठरलेला आहे का, आणि माणसे आणल्यावर कमिशन मिळते का? दोन्हींपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर ती योजना आहे, नाणे नव्हे.

तिसरा: यंत्राने गुण कशाचे दिले? ब्याण्णव सोडा, कमी झालेले आठ गुण कशाचे, ते वाचून दाखव म्हणा. नापास पोराच्या प्रगतिपुस्तकातही ड्रॉइंगला चांगले गुण असतातच.

चौथा: विकून पैसा बँकेत आणून दाखवशील का? थोडक्या रकमेने ही परीक्षा घेता येते. पण लक्षात ठेवा, ठग मंडळी सुरुवातीला लहान रक्कम मुद्दाम परत देतात. गळाला लावलेले गांडूळही माशाला फुकटच मिळते. म्हणून परीक्षा नापास झाली तर नक्की थांबावे, पास झाली तर लगेच चार लाख घालावेत असे नाही.

पाचवा: हे सगळे बुडाले तर पुढच्या हंगामाला काय करायचे? बियाणे, खत, पोरीचे शिक्षण, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, सोसायटीचे कर्ज या पैशांतून एक रुपयाही अशा नाण्यात जाऊ नये. कर्ज काढून, दागिने गहाण टाकून तर नाहीच नाही. मुलाला हौस असेल, तर त्याने स्वतःच्या पगारातले, बुडाले तरी घरात वाद होणार नाही एवढेच पैसे घालावेत. जमिनीच्या मोबदल्याला हात लावू नये.

मोबदल्याची रक्कम कुटुंबातल्या दोघांच्या सहीने निघेल अशी बँकेत व्यवस्था करून ठेवा. मध्यरात्री मोबाईलवर बटण दाबून चार लाख जाण्याचा धोका त्याने बराच कमी होतो. जमीन एका अंगठ्याने जायची, तो काळ आपण पाहिला आहे.

पैसा अडकला असेल तर

काही घरांत हे वाचण्याआधीच पैसा गेला असेल. लाजेने गप्प बसू नका. आधी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसा वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. आपल्या बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. मुरबाड, शहापूरकडच्या मंडळींनी ठाणे ग्रामीण पोलिसांकडे जावे. ठेवी गोळा करून बुडवणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त करता येते. तक्रार एकट्याने न देता गावातले सगळे फसलेले मिळून द्या.

एजंटाचे संदेश, पैसे पाठवल्याच्या पावत्या, टोकनाचा पत्ता, व्यवहाराचा क्रमांक हे सारे जपून ठेवा. रागाच्या भरात मोबाईलमधून पुसू नका. आणि "थोडा कर भरा, तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो" असे सांगणारा कोणी भेटला, तर तो त्याच टोळीतला किंवा तिचा चुलतभाऊ समजा. बुडालेल्या पैशामागे नवा पैसा पाठवू नका.

या अंकाचे पान ज्या घरात शिकलेले पोर आहे, तिथे त्याने आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावे. हौदाचा हिशोब पाटीवर एकदा सगळ्यांसमोर करून पाहावा. दहा मिनिटे लागतील.

पुढील अंकी: भाताच्या रोपवाटिकेसाठी गादीवाफे कसे करावेत आणि पाऊस लांबला तर रोपे कशी जगवावीत.